शेवटचा अर्धा फेरा

फोनवर ‘मेस्त्री’ हे नाव झळकलं तेव्हा मी दुकानात टेबलाच्या हिरव्या कापडाच्या व्यापाऱ्याशी भांडत होते. तीन वर्षांहून जास्त काळ मी त्या नावाची वाट पाहत होते, आणि ते आलं तेव्हा मी फोन कापला. धंद्यात मी एक नियम पाळत आले आहे. आपण पहिला फोन करायचा नाही, आणि समोरच्याचा पहिला फोन उचलायचा नाही. ज्याला गरज असते तो दुसऱ्यांदा करतो. करू दे म्हटलं दुसऱ्यांदा. मला तीन वर्षं ताटकळत ठेवलं, आता पाच मिनिटं तुम्ही थांबा. त्या व्यापाऱ्याला मी म्हटलंसुद्धा, “आज दिवस चांगला आहे, मोठमोठे लोक नमतायत.” फोन पुन्हा वाजला. मी चार रिंगा जाऊ दिल्या, घसा साफ केला आणि तोऱ्यातच म्हटलं, “बोला.” पलीकडे मेस्त्री नव्हते, त्यांची मुलगी वैशाली होती. “काकी, बाबा गेले. आज सकाळी. गाळ्याच्या भिंतीवर त्यांनी खडूने चार नंबर लिहून ठेवलेत, त्यात तुमचा आहे, म्हणून...” पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. व्यापारी समोर बसून आपला भाव पुन्हा सांगत होता. त्याने सांगितलेला भाव मी तसाच कबूल केला. मला ओळखणारं कोणी हे वाचत असेल तर त्याला कळेल, माझं काय झालं असेल.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. दत्ताराम मेस्त्री हे नाव वाचकांना माहीत असायचं कारण नाही. राजापूरकडचा माणूस, भाईंदर पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत पत्र्याचा छोटा गाळा, त्यात लाकूड कातायचं एक लेथ. पाळण्याचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, लाटणी, असं काम त्यांनी आयुष्यभर केलं. आणि शेवटची पंधरा-सोळा वर्षं त्यांनी पूल, म्हणजे हिरव्या टेबलावर काठीने चेंडू मारायचा जो खेळ असतो, त्याच्या काठ्या आणि त्यांचे सांधे केले. ही काठी दोन तुकड्यांत येते, म्हणजे पिशवीत मावते. मागचा जाड भाग म्हणजे मूठ, पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. मधे सांधा. बाजारातल्या बहुतेक काठ्यांना तिथे पितळेचा नाहीतर लोखंडाचा बोल्ट असतो. मेस्त्रींच्या काठीत धातूचा कणही नसायचा. मुठीच्या टोकाला लाकडाचाच बोल्ट, शाफ्टच्या आत लाकडातच पाडलेले आटे. फिरवून बसवलं की दोन लाकडं अशी मिटायची की मधे नख जायचं नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती एका मोडक्या काठीमुळे. त्या काळी माझं दुकान नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात मी मशीनवर काठ्यांची रेक्झिनची कव्हरं शिवायचे आणि मीरा रोडच्या क्लबांत फिरून विकायचे. नवरा असून नसल्यासारखा, त्यावर इथे जास्त लिहीत नाही. एका गिऱ्हाइकाच्या काठीचा बोल्ट ढिला झाला होता. मी म्हटलं, द्या इकडे, करून आणते. कुठून करून आणणार हे मलाही माहीत नव्हतं. विचारत विचारत त्या गाळ्यावर पोचले. मेस्त्रींनी काठी हातात घेतली, लेथच्या कडेवर टकटक केली, कानाशी धरली.

“ह्यात पितळ कोणी घातलान?”

“कंपनीने.”

“कंपनीला सांग, लाकडाला लाकूडच धरतं.”

“कंपनी चीनमध्ये आहे मेस्त्री. तुम्ही जाऊन सांगून येता?”

ते हसले. दात फार नव्हते, पण हसणं भरघोस होतं. म्हणाले, “बोल्ट नाय बदलत. काढून टाकतो. आटे लाकडात पाडतो. चालेल?” मी लगेच भावावर आले. मी आकडा सांगितला तसं त्यांनी लेथचं बटण दाबलं. मोटारीच्या आवाजात मी ओरडून ओरडून घासाघीस केली. माझं संपल्यावर त्यांनी लेथ थांबवलं आणि विचारलं, “काय म्हणालीस गो बाय? ऐकू नाय आलं.” पुढे किती वर्षं हेच चाललं. मी भाव पाडायला लागले की लेथ सुरू. मला वाटतं, एवढ्या मोठ्या आवाजात बोलायची सवय मला त्या गाळ्यातच लागली.

त्यांचं काम बघणं हा माझ्यासारख्या घाईच्या माणसाला छळ होता. लाकूड जाडसर कातून घ्यायचं आणि सुतळीने छताला टांगून ठेवायचं. एक पूर्ण पावसाळा, एक पूर्ण उन्हाळा. मधे मधे उतरवून पातळसा थर काढायचा, पुन्हा टांगायचं. “त्याला काय वाकायचं, फुगायचं, रुसायचं असेल ते आताच होऊ दे,” म्हणायचे. “गिऱ्हाइकाच्या हातात रुसायला नको.” आटे सर्वांत शेवटी. बाहेरच्या आट्यांसाठी त्यांनी स्वतःच एक लाकडी ठोकळा केला होता, त्यात पोलादाचा एकच दात. आतल्या आट्यांना टॅप, म्हणजे आटे कापणारी पोलादी दांडी. सगळं अळशीच्या तेलात भिजवून. टॅप एक फेरा पुढे न्यायचा आणि अर्धा मागे आणायचा, म्हणजे भुसा तुटून खाली पडतो. सरळ पुढे रेटलं की भुसा आत कोंडतो आणि आटे फुटतात. मला त्यांनी एकदा टॅप हातात दिला होता. मी सरळ रेटला. फुटलेलं लाकूड त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, “हे तुझं. घरी ने, लाटणं म्हणून वापर.”

आणि मग शेवटचा अर्धा फेरा. सांधा बसवताना शेवटचा अर्धा फेरा आला की ते बोटं सैल सोडायचे. “हितं जोर नाय लावायचा. लाकूड आपणहून बसतं. बसत नसेल तर ती त्याची जोडी नाय.” हाताने पाडलेले आटे, त्यामुळे प्रत्येक मुठीची आपली एकच शाफ्ट. ती चुकू नये म्हणून सांध्याजवळ दोन्ही तुकड्यांवर ते पेन्सिलीने खूण करायचे. आकडे नाही घालायचे. गावातल्या जागांची नावं. एका काठीवर ‘सडा’, एकीवर ‘पऱ्या’, एकीवर ‘देवळाकडची पाखाडी’. मी वैतागायचे, “मेस्त्री, एक-दोन-तीन लिहा ना, हा काय सातबारा आहे?” तर म्हणायचे, “आकडे तुझे. माझ्याकडे एवढंच आहे.” शिवाय सांधा रोज एकदा खोलायचा आणि रोज बसवायचा, हा त्यांचा हट्ट. इथल्या दमट हवेत लाकूड फुगतं, न खोललेला सांधा धरून बसतो. सकाळी अगरबत्ती लावली की टांगलेली एकेक काठी घेऊन ते खोलायचे, बसवायचे. “तो सांधा आहे की जावई, रोज चौकशी करायला?” मी विचारायचे. “जावई बरा. तो रोज बघायला नाय लागत.”

त्यांच्या सांध्यांवर मी उभी राहिले, हे मी कधीच नाकारलं नाही. खेळणारी पोरं म्हणायची, या काठीने मारलं की हातात वेगळंच लागतं. मीरा रोडलाच, पूनम सागरला माझं दुकान झालं. मग नया नगरमध्ये एक नवा क्लब निघत होता. त्याचे मालक, सगळे त्यांना शेठच म्हणतात, त्यांनी माझ्याकडे चाळीस काठ्या मागितल्या. आवडल्या तर टेबलंसुद्धा माझ्याकडूनच घेणार होते. एवढं मोठं काम मला कोणी दिलं नव्हतं. मेस्त्रींनी दीड वर्ष घेतलं. मी रोज फोन करून त्यांचं डोकं खाल्लं. चाळीस काठ्या झाल्या, त्यावर चाळीस नावं. शेठ म्हणाले होते, “बहनजी, लकड़ी एकदम साफ चाहिए, ऊपर कुछ लिखा-विखा नहीं.” म्हणून पॉलिश करणाऱ्याला मी सांगितलं, घासकागद मारून पेन्सिल पुसून टाक. आणि मी पडले कव्हरं शिवणारी बाई. जागा वाचवायची माझी सवय. चाळीस मुठी एका थैलीत घट्ट बसतात, चाळीस शाफ्ट दुसरीत. मी तशाच भरल्या.

क्लबमध्ये काठ्या काढल्या आणि एकही नीट बसेना. कुठे फट, कुठे अर्ध्यातच अडकतेय, कुठे डुगडुगतेय. शेठ एकेक उचलून बाजूला ठेवत गेले. भोवती खेळायला आलेली माणसं उभी. मी मेस्त्रींना बोलावून घेतलं. ते रिक्षाने आले, अंगावर भुसा तसाच. सगळ्यांदेखत मी त्यांच्यावर तोंड सोडलं, “हे आटे पाडलेत तुम्ही? दीड वर्ष लावून?” त्यांनी एक मूठ उचलली, सांध्याजवळ अंगठा फिरवला आणि मला विचारलं, “खुणा कुठे गेल्या?” मी काहीतरी उत्तर दिलं. ते मग शेठकडे वळले आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, “शेठ, इसको लकड़ी नहीं समझता. इसको खाली भाव समझता है.”

कोणीतरी हसलं. ते हसणं मी अजून विसरलेली नाही. शून्यातून उभ्या केलेल्या माझ्या धंद्याचं एका वाक्यात त्यांनी असं करून टाकलं. काठ्या परत आल्या, टेबलंही गेली. दोन्ही थैल्या मी त्यांच्या गाळ्याच्या दारात आपटल्या आणि म्हटलं, “चुलीत घाला.” त्यानंतर मी पितळेच्या बोल्टच्या तयार काठ्या आणून विकायला लागले. त्या गाळ्यावरून जायची वेळ आली तर रस्ता ओलांडायचे. मनात एकच होतं. हा माणूस फोन करील आणि ते वाक्य मागे घेईल. मागे घेतलं पाहिजे. मी पहिला फोन करणार नाही.

भेट मात्र एकदा झाली, आणि तीच शेवटची ठरली. गेल्या वर्षी भाईंदर पूर्वेला भाजीवालीकडे मी नेहमीसारखी भांडत होते, “एवढी भाजी घेतली, कोथिंबीर वर टाका की!” मागून तो भरघोस हसण्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर मेस्त्री. वाळले होते, शर्ट खांद्यावरून उतरत होता. त्यांनी तोंड उघडलं, मला वाटलं, आता बोलतात... पण ते भाजीवालीला म्हणाले, “दे गो तिला कोथिंबीर, नाय तर जायची नाय.” मी भाजी तिथेच टाकून निघाले. आज वाटतं, निदान कोथिंबीर तरी घ्यायला हवी होती.

तेराव्यानंतर वैशालीने गाळ्यावर बोलावलं. ही मुलगी आधी औषधाच्या दुकानात कामाला होती. ते सोडून तीन वर्षं ती वडिलांबरोबर लेथवर उभी राहत होती, हे मला माहीतही नव्हतं. आत पाऊल टाकलं आणि दारातच थांबले. छताला काठ्या टांगल्या होत्या, मूठ आणि शाफ्ट जोडलेल्या, ओळीने. पॉलिश ओळखीचं होतं, माझ्याच माणसाने केलेलं. “त्याच आहेत,” वैशाली म्हणाली. “बाबांनी एकेक मूठ घेऊन चाळीस शाफ्ट लावून बघितल्या. रोज थोड्या थोड्या. गुढीपाडव्याला सुरू केलं, ते दिवाळीच्या पुढे गेलं.” तिने एक काठी उतरवून सांधा खोलला आणि माझ्या हातात दिला. या खेपेला खूण पेन्सिलीची नव्हती. सांधा मिटल्यावर जो भाग आत जातो, त्या बारीक गोल कडेवर तापल्या सुईने अक्षरं डागली होती, मुठीवर आणि शाफ्टवर सारखीच. तिथे घासकागद कधीच पोचत नाही. मी चष्मा लावून वाचलं. ‘परवडत नाय’.

दुसरी काढली. ‘शेवटचं बोला’. तिसरी, ‘चालले मी’. मग ‘बोहनी आहे’, ‘पलीकडे स्वस्त’, ‘अर्धं करा’... गावातली एकही जागा नव्हती. सगळं माझंच, लेथच्या आवाजात त्यांना ऐकू न आलेलं. एका काठीवर तर भाजीवालीकडचंही होतं, ‘कोथिंबीर वर टाका’. मी हसायला लागले आणि ते हसणं कुठे वळलं ते मला कळलं नाही. वैशालीने स्टूल पुढे केलं.

“एवढं केलं, तर मला एक फोन करता येत नव्हता त्यांना?” मी विचारलं. रागानेच विचारलं.

“मी म्हटलं होतं, करा. तर म्हणाले, पहिला फोन केला की भाव उतरतो. तिनेच शिकवलान मला.”

वैशालीने कोपऱ्यातून फडक्यात बांधलेली मोळी आणली. पाच मुठी, पाच शाफ्ट, सुट्या. त्यांवर काहीच डागलेलं नव्हतं. “पस्तीस त्यांनी जुळवल्या. या पाच मुद्दाम ठेवल्या. म्हणाले, ह्या तिच्या. आली की स्टुलावर बसव आणि हातात दे, सांगू काय नको.”

मी बसले. पहिली जोडी बऱ्याच वेळाने लागली. बोटं सैल सोडली आणि शेवटचा अर्धा फेरा आपोआप गेला, कुलूप तेल घातल्यावर लागतं तसा. दुसरीही लागली. तिसरी जरा कुरकुरली, पण बसली. चौथीही झाली. आता पाचवीला काय, एकच मूठ आणि एकच शाफ्ट उरलेली, ती लागणारच. ती लागेना. अर्धा फेरा राहिला की अडायची, मधे नख जाईल एवढी फट. मी उलटसुलट केलं, तेलाचा हात लावला आणि शेवटी म्हटलं, “ही जोडी मेस्त्रींनीच चुकीची ठेवली.”

वैशालीने तिसरीकडे बोट दाखवलं. “काकी, तिसरीला तुम्ही जोर दिला होता.”

दिला होता. कुरकुरली तेव्हा मला कळलं होतं आणि तरी मी रेटली होती. मी तिसरी खोलली, तिची शाफ्ट पाचव्या मुठीला लावली, बोटं सैल सोडली. बसली. पाचवीची शाफ्ट तिसरीला. तीही बसली. पाचही मी मांडीवर घेतल्या. मग मी वैशालीला ती गोष्ट सांगितली, जी मी तीन वर्षं कोणाला सांगितली नव्हती. क्लबमध्ये मेस्त्रींनी विचारलं होतं, खुणा कुठे गेल्या? मला पक्कं माहीत होतं त्या कुठे गेल्या. मीच पुसायला लावल्या होत्या. आणि सगळ्यांसमोर मी त्यांना म्हटलं होतं, “कसल्या खुणा?” त्यानंतर त्यांनी ते वाक्य उच्चारलं. त्याआधी नाही.

“मला माहीत आहे,” वैशाली म्हणाली. “बाबांनी सांगितलं होतं.” आणि तिने चहा ठेवला.

पुढच्या आठवड्यात मी शेठकडे गेले. जुळलेली एक काठी घेऊन, आपणहून, फोन न करता. म्हटलं, “शेठ, उस दिन आटे बराबर थे. निशान मैंने मिटाए थे. मेस्त्री की गलती नहीं थी.” शेठ म्हणाले, “तीन साल बाद बोल रही हो, बहनजी?” मग त्यांनी माझ्या हातातली काठी घेतली, एक चेंडू मारला, दुसरा मारला. “लाओ, पहले दस लाओ. लेकिन भाव...” तिथून पुढे आम्ही दोघं तासभर भांडलो. फार दिवसांनी मला बरं वाटलं.

वैशाली आता गाळा चालवते. छताला नवी लाकडं टांगली आहेत, पुढचा उन्हाळा सरला की उतरतील. मी भाव सांगितला की तीही लेथचं बटण दाबते. परवा म्हणाली, “बाबा सांगून गेलेत. तुम्ही जे म्हणाल त्याच्या दुप्पट मागायचं.” मी म्हटलं, “तुझा बाप लबाड होता.” ती म्हणाली, “हो ना.”

ते वाक्य मेस्त्रींनी मागे घेतलं नाही. परक्या माणसासमोर बोलायला नको होतं, हे माझं म्हणणं आजही आहे, आणि समोर असते तर मी ते त्यांना ऐकवलं असतं. पण लाकूड न कळणाऱ्या बाईसाठी कोणी पाच जोड्या बाजूला काढून ठेवत नाही. मागितलं होतं त्याच्या अर्ध्यात मिटलं. मी ते घेतलं.

त्या पाचांपैकी जी शेवटी लागली, ती मी दुकानात ठेवली आहे. बाकी चौघींना वैशालीने गावातल्या जागांची नावं दिली. हिला काय डागू, म्हणून तिने मला विचारलं. मी सांगितलं तेव्हा तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सुई तापवायला घेतली. सकाळी शटर वर केलं, अगरबत्ती लावली की मी ती काठी घेते आणि सांधा खोलते. आतल्या कडेवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘कसल्या खुणा’. ते वाचते आणि पुन्हा बसवते. एक फेरा, दुसरा, तिसरा... आणि शेवटचा अर्धा फेरा आला की बोटं सैल सोडते.